मदत हवी आहे: पासोलिनीचा ‘डेकॅमेरॉन’ कुठे बसवू?

मंडळी, आमच्या छोट्या गटात इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचे सिनेमे लावायचे आहेत. ‘अक्कात्तोने’ (१९६१) आणि ‘गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ (१९६४) नक्की झालेत. घोडं अडलंय ‘डेकॅमेरॉन’वर (१९७१).

चौदाव्या शतकातला इटालियन लेखक बोकाचो, त्याच्या चावट गोष्टी पासोलिनीने नेपल्सच्या बोलीत आणल्यात. मुका-बहिरा असल्याचं सोंग घेऊन मठात शिरलेला माळी आणि त्याला पुरतं दमवणाऱ्या नन्स... पोट धरून हसलो! पण जुना इटालियन चित्रकार ज्योत्तो याच्या शिष्याच्या भूमिकेत खुद्द पासोलिनीच भित्तिचित्र रंगवत असतो, आणि शेवटी विचारतो की स्वप्नात इतकं सुंदर दिसत असताना चित्र काढायचंच कशाला? तिथे नुसता वात्रटपणा म्हणून सोडून देता येत नाही.

तर हा ख्रिस्तावरच्या सिनेमानंतर लगेच लावू, की ‘कँटरबरी टेल्स’ (१९७२) आणि ‘अरेबियन नाइट्स’ (१९७४) यांच्यासोबत सलग? १९७५ मध्ये त्याने ही तीन सिनेमांची त्रयी स्वतःच नाकारली, हे आधी सांगावं की नंतर? (‘सालो’ हा त्याचा शेवटचा, अतिशय क्रूर सिनेमा दाखवायची माझी छाती नाही.)

गटात ज्येष्ठ मंडळीही आहेत. वगातले द्व्यर्थी संवाद त्यांना चालतात, पण उघडी शरीरं? कुणी असा खेळ लावला असेल तर प्रस्तावनेत काय बोललात, तेही सांगा.