जिन ग्वांगयाओ खरोखर हलला होता का?

पानगळ

नमस्कार. पुढच्या मजकुरात कथेचा शेवट उघड होतो, त्यामुळे ज्यांना 'मो दाओ झू शी' अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावे.

मो श्यांग तोंग श्यू यांच्या या कादंबरीकडे मी उलट्या वाटेने आले. आधी २०१९ सालची ५० भागांची मालिका पाहिली आणि मग इंग्रजी भाषांतराचे पाचही खंड वाचून काढले. नायक वेई वूश्यान मला आवडला, पण पुस्तक मिटल्यावर डोक्यातून जात नाही तो जिन ग्वांगयाओ. गणिकेच्या पोटी जन्मलेला हा मुलगा आईच्या मृत्यूनंतर बापाचे घर शोधत लानलिंगला येतो आणि बापाच्या हुकमावरून जिनलिन थाय या त्याच्या वाड्याच्या पायऱ्यांवरून लाथ मारून खाली लोटला जातो. पुढे शत्रूच्या गोटात हेर म्हणून राहून तो शत्रुकुळाचा प्रमुख वन रुओहान याला ठार करतो, त्याच बापाच्या गादीवर बसतो, आणि शेवटी त्याची सगळी कृष्णकृत्ये बाहेर येतात. घरी आईला एवढे सांगितले तर ती म्हणाली, "अगं, हा तर कर्णच झाला." मला ते तेव्हा पटले होते, आता तितकेसे पटत नाही.

माझा प्रश्न शेवटच्या प्रसंगाविषयी आहे. ग्वानयिनच्या मंदिरात एक हात तुटलेला, रक्तबंबाळ जिन ग्वांगयाओ बसलेला आहे. त्याचा शपथबंधू लान शीचन त्याच्याकडे पाठ करून निए ह्वायसांगला औषध देऊ लागतो, तेवढ्यात ह्वायसांग ओरडतो की मागे बघा, आणि लान शीचन वळून न पाहताच तलवार मागे खुपसतो. चाहत्यांमध्ये यावर दोन तट आहेत. पहिल्या तटाच्या मते जिन ग्वांगयाओने खरोखर हालचाल केली होती, कारण संधी सोडणे त्याच्या स्वभावातच नव्हते. दुसऱ्याच्या मते तो जागचा हललाही नव्हता, आणि ज्या माणसाला त्याने कधीच दुखवले नाही त्याच्याच हातून त्याचा शेवट व्हावा हा ह्वायसांगने थोरला भाऊ निए मिंगज्युए याच्या, जिन ग्वांगयाओनेच केलेल्या, खुनाचा घेतलेला सूड होता. मी तो प्रसंग चार वेळा वाचला, तरी माझा निर्णय होत नाही. आपण तो कसा वाचता? आणि एकाच पात्राला काही वाचक थंड डोक्याचा मारेकरी म्हणतात, तर काही त्याच्यासाठी अश्रू ढाळतात, ही फट इतकी रुंद का असावी?

सांजवेळ

पानगळ, निर्णय होत नाही याचे कारण तुमच्या वाचनात नाही, लेखिकेने तो होऊ दिलेलाच नाही. त्या क्षणी आपण वेई वूश्यानच्या नजरेने पाहत असतो आणि त्याने नेमकी तीच हालचाल पाहिलेली नसते. पुढे तो ह्वायसांगला विचारतो, तेव्हा ह्वायसांग आधी ठाम बोलतो आणि मग आपल्याला नीट दिसले की नाही, असे चाचरत पुटपुटू लागतो. "मला काही माहीत नाही" हेच पालुपद वर्षानुवर्षे घोकलेल्या माणसाची ही साक्ष आहे, आणि एवढ्या एकाच साक्षीवर एक माणूस मारला जातो.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे की जिन ग्वांगयाओबद्दल आपल्याला जे काही कळते त्यातले फार थोडे त्याच्या स्वतःच्या बाजूने कळते. त्याचे तरुणपण आपण पाहतो ते निए मिंगज्युएच्या आठवणींतून. वेई वूश्यान कागदी बाहुलीच्या रूपात जिन ग्वांगयाओच्या गुप्त खोलीत शिरतो, तिथे ठेवलेल्या मिंगज्युएच्या मुंडक्याच्या स्मृतीत उतरतो, आणि तिथून पुढे पानेच्या पाने आपण त्या संतापी, सरळमार्गी माणसाच्या डोळ्यांनी मंग याओकडे, म्हणजे कुळात घेतले जाण्याआधीच्या जिन ग्वांगयाओकडे, पाहत राहतो. म्हणजे आरोपीचे चरित्र आपण मृत फिर्यादीच्या तोंडून ऐकतो. ती स्मृती खोटी नाही, पण ती एकाच्याच मनाची आहे. मिंगज्युएला त्याच्या हसण्यात कावेबाजपणा दिसतो, आणि तेच हसू लान शीचनला सौजन्याचे वाटत आले आहे.

दुसरी मोठी हकिकत येते ती कमळघाटावरच्या सभेत. दोन स्त्रिया येऊन त्याची पापे सांगतात, आणि काल-परवापर्यंत त्याच्या मेजवान्या झोडणारे सगळे कुलप्रमुख घटकाभरात त्याच्यावर उलटतात. बायकांचे म्हणणे खरे असले तरी त्यांना नेमक्या त्याच दिवशी तिथे कोणी आणले, हा प्रश्न त्या गर्दीला सुचत नाही. वेई वूश्यानला मात्र ती सभा ओळखीची वाटते, कारण याच लोकांनी याच त्वेषाने पूर्वी त्याच्या नावाने बोटे मोडली होती. मला त्यातला सगळ्यात धारदार भाग हा वाटतो की गर्दी वेई वूश्यानच्या बाबतीत बरीचशी चुकली होती आणि जिन ग्वांगयाओच्या बाबतीत बरीचशी बरोबर होती, पण दोन्ही वेळा तिची रीत तीच होती.

म्हणून माझ्या वाचनात तो हलला नव्हता. पण हे मी सिद्ध करू शकणार नाही, आणि कोणी "तो हललाच होता" असे म्हटले तर त्याला खोडून काढण्याजोगे एकही वाक्य माझ्यापाशी नाही.

मुळाक्षर

सांजवेळ यांनी दृष्टिकोनाचा मुद्दा उत्तम मांडला आहे, परंतु त्याच्या आधाराने हळूहळू सगळेच धुऊन निघते अशी मला भीती वाटते. जिन ग्वांगयाओवर हळहळणाऱ्यांचे बरेच लेखन मी वाचले आहे. त्यात पायऱ्या असतात, आई असते, लान शीचन असतो, पण त्या सुमारे वीस स्त्रिया कुठेच नसतात.

बापाला मारण्यासाठी त्याने निवडलेला मार्ग आठवून पाहा. वय उतरलेल्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या गणिका गोळा करून त्याने त्यांनाच शस्त्र म्हणून वापरले, आणि काम झाल्यावर त्यांना संपवून टाकले. वाचली ती एकटी सीसी, कारण तिने एके काळी त्याच्या आईवर माया केली होती. जिचा मान राखण्यासाठी हा माणूस जन्मभर झगडला, तिच्याच व्यवसायातल्या, तिच्याच वयाच्या होऊ शकल्या असत्या अशा बायका त्याने वापरून फेकल्या. आईच्या चेहऱ्याची ग्वानयिन त्याने आई जिथे राहत होती त्या जळालेल्या कुंटणखान्याच्या जागेवर बसवली, हे वाचताना माझ्याही घशात आवंढा येतो. पण ती मूर्ती एकाच बाईची आहे. बाकीच्यांना चेहरा नाही, नावही नाही, आणि हे त्याचे गुन्हे किती खोल आहेत ते सांगायला मला पुरेसे वाटते.

कर्णाची तुलना मला म्हणूनच जमत नाही. अपमान दोघांनी गिळले, हे खरे. पण कर्णाने आपल्यापेक्षा दुबळ्याच्या पाठीवर पाय देऊन वर चढण्याचा नेम केला नव्हता.

तिसरीघंटा

कर्ण परशुरामांशी जातीबद्दल खोटे बोलला होता आणि भर सभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलला होता, एवढे विनम्रपणे नोंदवतो. तुलना पानगळ यांच्या मातोश्रींना वाटली तितकी सोपी नाही आणि मुळाक्षर यांना वाटते तितकी टाकाऊही नाही.

मूळ प्रश्नाबद्दल एक भर घालतो. हा वाद पेटण्यात मालिकेचाही मोठा वाटा आहे. कादंबरीत छ्योंगछी वाटेवर जिन ग्वांगयाओचा सावत्र भाऊ जिन त्झश्वान मरतो तो वेई वूश्यानचा ताबा सुटल्यामुळे, आणि ते ओझे नायकाला वाहावे लागते. मालिकेत तिथे लपून वाजणारी दुसरी बासरी आणली आहे आणि ती बासरी अखेर जिन ग्वांगयाओच्या माणसापाशी जाऊन पोचते. नायकाचे हात स्वच्छ करण्यासाठी खलनायकाच्या पदरात जास्तीची पापे टाकली गेली. आणि गंमत अशी की जू त्झानजिन या नटाने ते काम इतक्या हळुवारपणे केले आहे की पापे वाढूनही सहानुभूती घटली नाही, उलट वाढली. मालिका पाहून आलेला आणि कादंबरी वाचून आलेला हे दोघे भांडतात तेव्हा ते पुष्कळदा दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात.

बांबूवन

मी काही वर्षे चिनी शिकत आहे आणि या कादंबरीचा बराचसा भाग मुळातून अडखळत वाचला आहे. भाषांतरात हरवणाऱ्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट नावाची. जुन्या चिनी घराण्यांत एका पिढीतल्या भावांच्या नावांत एक अक्षर समान ठेवण्याची चाल होती. जिन घराण्यातल्या या पिढीचे अक्षर 'त्झ' आहे, म्हणून त्झश्वान, म्हणून त्झशुन. बापाच्या नावात 'ग्वांग' आहे: ग्वांगशान. मंग याओला कुळात घेताना नाव दिले गेले ते ग्वांगयाओ. म्हणजे त्याला भावांच्या रांगेत जागाच दिली गेली नाही, बापाच्या पिढीचे अक्षर चिकटवून त्याला कुठल्याच रांगेत नीट न बसणारा ठेवले गेले. लेखिका यावर ओरडून काही सांगत नाही, पण चिनी वाचकाच्या कानाला ते नाव उच्चारताक्षणी खटकते. नावाने मारलेली प्रत्येक हाकच त्याला तो परका असल्याचे सांगते. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा, की हा माणूस एकदा भेटलेल्या कोणाचेही नाव विसरत नाही. त्याचा साथीदार सू शे त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होतो तो एवढ्यासाठीच, की बाकी सगळे ज्याला लान शीचनचा धाकटा भाऊ लान वांगजी याची नक्कल समजत आले त्याचे नाव जिन ग्वांगयाओने पहिल्या भेटीनंतर लक्षात ठेवले होते.

दुसरी गोष्ट त्याच्या अखेरच्या बोलण्याची. तलवार अंगात असताना तो लान शीचनला जे म्हणतो त्याचा आशय असा, की बाप मारला, भाऊ मारला, बायको, मुलगा, गुरू, मित्र मारले, जगातले कोणते पाप करायचे ठेवले, पण तुझे वाईट करण्याचे मनात कधी आणले नाही. भाषांतरात ही नुसती लांबलचक यादी वाटते. कन्फ्यूशियसच्या परंपरेत मात्र माणसाचे जगणे पाच नात्यांवर तोललेले असते: राजा आणि सेवक, बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको, थोरला आणि धाकटा भाऊ, मित्र आणि मित्र. यादी या पाचांवरून जवळजवळ एकेक करत फिरते. 'गुरू' म्हणजे ज्याची चाकरी करून त्याने ज्याला मारले तो वन रुओहान, असे बहुतेक चाहते धरतात. आपल्याकडे कोणी पंचमहापातके क्रमाने मोजून कबूल करावीत तसा तो प्रकार आहे. चीनच्या थांग राजवटीपासूनच्या कायद्यात ज्यांना क्षमा नाही अशी दहा घोर दुष्कृत्ये सांगितली आहेत, त्यांत पितृहत्याही आहे आणि रक्ताच्या नात्यात संबंधही आहे. पत्नी चिन सू ही आपल्याच बापाची मुलगी असल्याचे त्याला लग्नाच्या तोंडावर कळले होते आणि तरी त्याने लग्न मोडले नाही, हे लक्षात घेतले की लेखिकेने त्याच्यावर एकही साधे पाप लादलेले नाही हे ध्यानात येते. प्रत्येक नात्याचा भंग त्याच्याकडून झाला आहे, आणि त्यातले प्रत्येक नाते आधी समोरच्याने मोडले होते का, हा प्रश्न वाचकावर सोडलेला आहे. वन रुओहानच्या बाबतीत उत्तर वेगळे, चिन सूच्या बाबतीत अगदी वेगळे. तिने तर त्याचे काहीही वाकडे केले नव्हते.

मुळाक्षर, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्याच्या जोडीला बापाचे ते बोलणेही ठेवावे. चार अक्षरे वाचलेल्या बायका स्वतःला फार शहाण्या समजतात आणि मग पिच्छा सोडत नाहीत, असे म्हणून ग्वांगशान त्याच्या आईचा विषय उडवून लावतो, आणि मुलाचा उल्लेख होताच "जाऊ दे" अशा अर्थाचे दोन-चार शब्द उच्चारून गप्प होतो. दाराबाहेर मुलगा बापाला घरी न्यायला उभा असतो. हा गुन्ह्याचा बचाव नाही, पण त्या स्त्रिया नेमक्या कशाच्या उत्तरादाखल आणल्या गेल्या ते यातून कळते.

मुळाक्षर

उत्तर बापाला द्यायचे होते आणि किंमत त्यांनी मोजली, इतकेच मी म्हणत होतो. नावाचा मुद्दा मात्र मला माहीत नव्हता. आता जुने भाग पुन्हा उघडावे लागणार.

पानगळ

सर्वांचे आभार. कालची संध्याकाळ मी पुन्हा जिनलिन थायच्या पायऱ्यांवर घालवली. या वेळी मिंगज्युए त्याला लाथ मारतो तो प्रसंग वाचला. त्याआधी जिन ग्वांगयाओ या थोरल्या शपथबंधूला विचारतो, की दादा, तुमच्या हातून मेलेली माणसे माझ्यापेक्षा जास्तच भरतील, मग माझाच जुना हिशेब इतकी वर्षे का काढता? मिंगज्युए उत्तर देतो, की आपण कधी स्वतःच्या स्वार्थासाठी किंवा वर चढण्यासाठी कोणाला मारले नाही; पण बोलणे वाढत जाते, तो त्याच्या आईवर जातो आणि मग लाथ येते. घरंगळत खाली गेलेला तो माणूस उठतो, भोवती जमलेल्यांना हाताने दूर सारतो आणि अंगरख्यावरची धूळ झटकतो. पहिल्या वाचनात हे वाक्य माझ्या नजरेतून सुटले होते.

सांजवेळ, मी अजूनही "हलला नव्हता" असे छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मंदिरातून सगळे निघून जात असताना निए ह्वायसांग वाकून जिन ग्वांगयाओची पडलेली टोपी उचलतो, ते पान काढून मी पुन्हा वाचले. जिंकलेल्या माणसाने ती टोपी जपून का उचलावी, याबद्दल इथे कोणी काही लिहिले नाही.

सांजवेळ

कारण त्यावर मी तीनदा लिहायला घेतले आणि तिन्ही वेळा खोडले. तुम्हीच आधी लिहा, पानगळ.