गुडघा फक्त उतारावरच दुखतोय, हिल हाफ मॅरेथॉन पळू का सोडू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या आणि लांबलं तर रागावू नका.

मी ४३ वर्षांची, सातारची, नोकरी दिवसभर खुर्चीत बसायची. दोन वर्षांपूर्वी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१ आलं, म्हणजे शुगर काठावर, डॉक्टर म्हणाले गोळी नको पण हालचाल वाढवा, म्हणून शाहू स्टेडियमवर चालायला जायला लागले. शाळेतला खोखो सोडला तर आयुष्यात पळाले नव्हते. पहिल्या दिवशी ४०० मीटरचा एक राऊंड पण झाला नाही, बरगडीखाली अशी कळ आली की कठडा धरून उभी राहिले आणि सत्तरीचे एक आजोबा शेजारून आरामात पुढे गेले. पुढच्या राऊंडला तेच थांबून म्हणाले, "बोलता येईल एवढंच पळायचं पोरी, दम लागला की चालायचं." त्यावर मी वर्ष काढलं. २ मिनिटं पळ, १ मिनिट चाल, असं करत करत ५ किमी झालं मग १० झालं, शुगर पण खाली आली, आणि मग काय, चढली डोक्यात.

यंदा आपल्याच गावच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २१ किमी आणि वर थोडंसं, गावातून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत खाली. सगळे चढाला घाबरतात. मला चढाचं काही नाही, हळू जाते पण जाते. माझं घोडं उतारावर अडलंय.

तर झालं असं. आठवड्याला मी साधारण २५ किमी करत होते, ते नाव घातल्यावर तीनच आठवड्यांत ४० वर नेलं (हो माहितीये, आठवड्याला दहा टक्क्यांच्या वर वाढवू नये म्हणतात, वाचलं होतं पण उत्साह). त्यातले दोन लाँग रन घाटातच केले. दुसऱ्या वेळी १४ किमीचा बेत होता, वर ७ जाऊन खाली ७. वर जाताना धुकं, रस्त्याला कुत्रं नाही, इतकं भारी वाटत होतं. उतरताना तिसऱ्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागलं. वाटीवर नाही, वाटीच्या मागे पण नाही, बरोब्बर बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा. थांबलं की बंद, दहा पावलं पळालं की चालू. शेवटी पाय वाकवलाच जाईना, काठीसारखा ताठ ठेवून उतरत होते. मग डोकं चालवलं आणि तोंड चढाकडे करून उलटं चालत उतरायला लागले, तर आश्चर्य म्हणजे अजिबात दुखेना! तेवढ्यात किटल्या लावलेला दूधवाला गाडी स्लो करून म्हणतो, "काय पडलंय का ओ वहिनी? हुडकू का?" काय सांगणार, म्हटलं व्यायाम आहे. तो पार वळणापर्यंत मागे वळून वळून बघत गेला.

सूज नाही, जिने चढताना त्रास नाही, उतरताना थोडा. सपाटीवर ६-७ किमी बिनदुखीचं पळता येतं, आठव्याला घड्याळ लावल्यासारखं चालू होतं. दोन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी गुडघ्याकडे नीट बघितलं पण नाही, म्हणाले या वयात पळायचं कशाला, चाला की. दुसरीकडे फिजिओथेरपिस्टने मात्र एका पायावर उभं करून हाफ स्क्वॉट (अर्धी बैठक) मारायला लावला, तर उजवा गुडघा आत झुकतो आणि कंबर एका बाजूला पडते हे मलाच आरशात दिसलं. तिचं म्हणणं, आयटी बँडचं दुखणं आहे. म्हणजे कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत जो जाड पट्टा येतो तो गुडघ्यापाशी चिडलाय, उतारावर गुडघा थोडासा वाकलेला असताना वजन येतं म्हणून तिथेच जास्त दुखतं, आणि मूळ गडबड कुल्ल्याचे स्नायू कच्चे असण्यात आहे. खुर्चीतल्या नोकरीची कृपा. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा आणि पाय दुमडून शिंपल्यासारखा गुडघा उघडायचा असे व्यायाम दिलेत, दहा दिवस झाले, करतेय. सासूबाई रोज बघतात आणि विचारतात, हे झोपून पळायचं का आता?

इव्हेंटला सहा आठवडे आहेत. आतापर्यंतचं सगळ्यात लांब १६ किमी, ते पण दुखण्याच्या आधीचं. माझे प्रश्न:

सहा आठवड्यांत हे बरं होऊन कुणी हाफ पळालंय का? खोटा धीर नको. घाटाची प्रॅक्टिस पूर्ण बंद ठेवू, का चढ पळून उतरताना कुणाच्या तरी गाडीवर बसून येऊ? (अहो तयार आहेत, पण पहाटे पाचला उठवायचं म्हणजे दुसरी मॅरेथॉन.) आणि इव्हेंटच्या दिवशी उतार सगळा चालतच आले तर त्यात काही कमीपणा आहे का?

रात्री ॲड करतेय: एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. बूट विचारलेत त्यांना, सेलमध्ये घेतलेले, अर्धा नंबर लहानच आहेत, अंगठ्याचं नख काळं पडलंय, पण त्याचा गुडघ्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. रस्त्याच्या एकाच कडेने पळता का असं ज्यांनी विचारलं त्यांना दंडवत! मी कायम उजव्या कडेनेच पळते, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, आणि तिथे रस्ता गटाराकडे चांगलाच कललेला आहे. आता मोकळ्या रस्त्यावर मधून पळून बघते.

छोटी छोटी पावलं टाका म्हणणाऱ्यांचं आज स्टेडियमवर करून बघितलं, ८ किमीला नेहमीचं दुखणं आलं नाही, ९ ला आलं. एक किलोमीटर तर एक किलोमीटर. ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातल्या माणमधली, रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून पळायची शर्यत) फायनलला दहावी आली, आणि मी एका किलोमीटरवर खूश.

डॉक्टर बदला म्हणणाऱ्यांनो, बदललाय. पेनकिलर खाऊन पळणार नाही, तेवढी अक्कल आहे. गुडघ्याला चिकटवायची ती रंगीत टेप लावून पळालेलं कुणी असेल तर भिजल्यावर ती टिकते का तेवढं सांगा, इकडे आठवडाभर पाऊस उघडलाच नाहीये.