प्रतिसाद: स्क्रॅप परत वापरताना

वर एकांनी विचारलंय की प्लास्टिक मोल्डिंगमधले रनर (साच्यात माल पोचवणाऱ्या वाटेत गोठलेले तुकडे) आणि रिजेक्ट (नाकारलेले पार्ट) दळून थेट हॉपरमध्ये (मशीनमध्ये माल ओतायच्या टाकीत) टाकले तर काय बिघडतं. दळणं सोपं आहे, खरं काम त्याच्या आधीचं.

रनर मशीनपाशीच, मटेरियल आणि रंगानुसार वेगळ्या झाकणाच्या डब्यात टाका. जमिनीवर पडलेला माल त्यात नको. एकदा मिसळलेलं वेगळं करणं महाग पडतं, कधी अशक्यच असतं. पीपी (पॉलिप्रोपिलीन) हे प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, म्हणून ते पीईटीपासून (बाटल्यांच्या प्लास्टिकपासून) सहज निघतं; पण पीईटी आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, घनताही जवळपास सारखी. पीईटी वितळवायच्या तापमानाला पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड सोडतं. माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि साचाही गंजतो.

दळल्यावर भुकटी चाळून काढाच. ती दाण्याआधी वितळते, करपते आणि पार्टवर काळे ठिपके येतात. पीईटी, नायलॉन ओले राहिले तर वितळताना त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, त्यामुळे ड्रायर टाळू नका.

प्रमाण वजनावर ठरवा, अंदाजे नको. दरवेळी २५ टक्के दळलेला माल घातला, तर एकूण मालात आधीच दोन किंवा जास्त फेऱ्या झालेला माल ६.२५ टक्क्यांवर स्थिरावतो, तीन किंवा जास्तवाला १.६ टक्क्यांच्या आसपास. ५० टक्के केलंत तर हेच आकडे २५ आणि १२.५ होतात. म्हणून आधी कमी प्रमाणात सुरू करा आणि प्रत्येक लॉटचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप) मोजा. तो चढत गेला, तर साखळ्या तुटताहेत.