सहाचाकी टिरेल फसली की टायरने फसवली?

वळणवेडा:
फॉर्म्युला वन शर्यतींतली, पुढे चार छोटी आणि मागे दोन मोठी चाके असलेली टिरेल पी३४ ही निव्वळ कसरत होती आणि प्रतिस्पर्धी आंद्रेत्तीचे इंजिन बंद पडले म्हणून तिला एकमेव विजय मिळाला, असे ‘काटेकोर’ यांनी काल ठोकून दिले. १३ जून १९७६ रोजी स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला टिरेलचा शेक्टर पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला होता आणि त्याचा संघ-सहकारी देपाये याची पी३४ त्याच्यामागोमाग दुसरी आली. आंद्रेत्तीला वेळेआधी सुटल्याबद्दल एका मिनिटाचा दंड झालेलाच होता, त्यामुळे इंजिन टिकले असते तरी तो कसा जिंकला असता, हे त्यांनी सांगावे. त्याआधी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर या गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या होत्या. त्या काळी बहुतेक संघांकडे कॉसवर्थचेच इंजिन असताना टिरेलचे रचनाकार डेरेक गार्डनर यांनी दीड मीटर रुंदीच्या नाकाआड दहा इंची चार चाके लपवली आणि पुढची पकड व ब्रेक दोन्ही वाढवले. याला कसरत म्हणायचे, तर मग अभियांत्रिकी कशाला म्हणायचे?

काटेकोर:
स्वीडनचा विजय तुम्हाला लखलाभ. मात्र टिरेलचे १९७६ चे ७१ गुण मिरवताना देपाये ब्राझीलमध्ये दुसरा आला तो जुन्या चारचाकी ००७ मध्ये, हे पी३४ चे भक्त सोयीस्करपणे विसरतात. मागची चाके पूर्वीइतकीच रुंद राहून वारा अडवत होती, मग पुढची झाकून सरळ रस्त्यावर असा कितीसा वेग मिळाला? १९७७ मध्ये पी३४ चालवताना पीटरसनसारखा ड्रायव्हर अख्ख्या हंगामात एकदाच, बेल्जियममध्ये झोल्डरला, तिसरा आला. शेक्टर मात्र वुल्फ संघात जाऊन चार चाकांवर बसून अर्जेंटिनातली पहिलीच शर्यत जिंकला. टायरमुळे पी३४ मागे पडली हे रडगाणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे.

स्पॅनर:
अंगण वाकडे असते, हे आम्ही भोगले आहे. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजने केलेल्या गाडीला दहा इंची रिम होत्या आणि स्पर्धेच्या तोंडावर पुरवठादाराने त्या मापाचे टायर येणार नाहीत असे कळवले. शेवटी गेल्या वर्षीचे, नखाने दाबले तरी खळगा न पडणारे टायर चढवले आणि प्रत्येक वळणावर गाडी वळण्याऐवजी नाकाने सरळ पळाली. गुडइयर दहा इंची टायर एकट्या टिरेलसाठी बनवत होती. मागचे टायर सर्वांबरोबर सुधारत गेले, पुढचे मागे पडले. अशा गाडीत पीटरसनने काय जादू करायची होती?

मिताली:
दहा इंची रिम घ्या म्हणून पुरवठादार तुमच्या वर्कशॉपमध्ये आला होता का? आम्ही तेरा इंची घेतल्या, कारण ते टायर दोन ठिकाणी मिळत होते. नियोजनातला आळस गार्डनर यांच्या प्रतिभेच्या पांघरुणाखाली लपवू नये.

स्पॅनर:
आळस हा शब्द मागे घ्यावा. तेरा इंची चाक जड पडते, त्यासाठी सस्पेन्शन नव्याने आखावे लागते आणि ते वर्गणीतून होत नाही. तुमच्या कॉलेजला प्रायोजक होता, आमच्याकडे प्राचार्यांच्या सहीचे पत्र होते. ज्यांना टायर आयता मिळाला, त्यांनी नियोजनाचे धडे देऊ नयेत.

मिताली:
प्रायोजकही आयता मिळत नाही, त्याच्या दारात हेलपाटे घालावे लागतात. तरीही तुमचाच किस्सा सांगतो की ज्या चाकाचा टायर एकाच ठिकाणी मिळतो, ते निवडणे हाच रचनेचा दोष आहे. गार्डनर यांचेही तेच झाले.

वळणवेडा:
रिमचे भांडण कृपया स्वतंत्र धाग्यावर न्यावे. मितालींचे शेवटचे वाक्य मात्र, नाइलाजाने, मान्य करावे लागते. १९७७ मध्ये पकड मिळवण्यासाठी पुढची चाके एकमेकांपासून आणखी दूर नेली, तेव्हा ती नाकाच्या आडोशातून बाहेर आली आणि मूळ कल्पनाच संपली. तरीही त्या वर्षी देपाये कॅनडात दुसरा आणि जपानमध्ये तिसरा आला, हे ‘काटेकोर’ यांनी गाळले. आणि कल्पना इतकी निकामी होती, तर १९८३ पासून चारच चाकांचा नियम कशाला करावा लागला?

काटेकोर:
तो नियम आला, तेव्हा पी३४ निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. १९८२ मध्ये चाचणीला उतरलेल्या विल्यम्स संघाच्या सहाचाकीत जादा चाके मागे होती, म्हणजे वारा अडवणारी रुंद चाके जिथे होती तिथे. तेच मी वर लिहिले आहे. ‘कसरत’ मागे घेतो आणि त्याऐवजी ‘चुकीच्या टोकाला लावलेली चाके’ असे लिहितो. टिरेलने १९७८ मध्ये साध्या चार चाकांची ००८ आणली आणि त्याच देपायेने मोनॅको जिंकले, याचेही उत्तर सवडीने द्यावे.