वजन आणि गुण: किलोवरून काय कळतं?

मोजणीदार: ८ ते १२ वयाच्या ३०० मुलांचं वजन आणि वार्षिक गुण जमा केलेत. वजन वाढतं तसे गुण किंचित घसरतात. ‘जाड मुलं अभ्यासात मागे’ असं लिहू का?

फूटपट्टी: नका लिहू. मुळात नुसते किलो घेऊन चालत नाही. १२ वर्षांचं मूल ८ वर्षांच्यापेक्षा जड असणारच. उंची घ्या, वय महिन्यांत काढा. १० वर्षांचा मुलगा, १४० सेंमी, ४० किलो: ४० भागिले १.४ चा वर्ग, म्हणजे बीएमआय (किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २०.४. मोठ्यांचा २५ चा निकष लावाल तर पोरगं ठणठणीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात मात्र या वयाच्या मुलग्यांची अतिवजनाची रेषा १८.५ च्या आसपास आणि लठ्ठपणाची २१.४ च्या आसपास आहे, म्हणजे तो अतिवजनात मोडतो. मुलींचा तक्ता वेगळा. आणि बूट काढायला लावा हो! अडीच सेंमीच्या टाचेनं हाच बीएमआय १९.७ वर येतो.

उणेअधिक: शिवाय एकच सरळ रेषा ओढू नका. फार कृश मुलंही मागे पडू शकतात (रक्तक्षय, आजारपण); दोन्ही टोकं एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘संबंध नाही’ असा निकाल हाती येतो. गट पाडा. घरचं उत्पन्न आणि आईचं शिक्षण यांचा वजनावरही परिणाम होतो आणि गुणांवरही. ते धरले की फरक बराचसा विरतो, कधी उरतही नाही.

मोजणीदार: झोपेचे तास आणि गैरहजेरीही नोंदवली आहे. तीही घालतो.

उणेअधिक: थांबा, लोक चुकतात ते इथेच. लठ्ठपणात घोरणं, झोपेत श्वास अडकणं वाढतं. झोप तुटते, मग वर्गात लक्ष लागत नाही. म्हणजे झोप ही वजनाकडून गुणांकडे जाणाऱ्या वाटेवरची पायरी. तीच समीकरणात घातलीत तर जो परिणाम शोधताय तोच पुसला जाईल. आधी झोप वगळून गणित मांडा, मग घालून. दोन्ही आकडे शेजारी छापा. गैरहजेरीचंही तेच.

फूटपट्टी: गुण कुणी दिलेत? वर्गशिक्षकांनी दिले असतील तर जाड मुलाबद्दलचा ‘आळशी’ हा ग्रह त्यात मुरलेला असू शकतो. नाव झाकून तपासलेल्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर त्या वेगळ्या पाहा. तोंडी परीक्षेचे गुण त्यात मिसळू नका.