सहावा महिना, खूप खाज, अंगावरून पांढरं जातंय. फार्मसीने दिलेली गोळी घेऊ का?

डिचोलीची_सून
पहिलटकरीण आहे. गेला आठवडाभर खाली एवढी खाज सुटते की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पांढरं जातं ते घट्ट, दह्याच्या चोथ्यासारखं. वास नाही. लघवी झाली की चुरचुरतं. नवऱ्याला फार्मसीत पाठवलं, तर त्यांनी फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी दिली, "एका डोसात मोकळं" म्हणे. मी गरोदर आहे हे नवऱ्याने सांगितलंच नाही, लाजला! गोळी अजून पर्समध्येच आहे. सासूबाईंचं म्हणणं, पावसात कपडे सुकत नाहीत म्हणून होतं, आणि आत ठेवायची गोळी तर नकोच, बाळाला लागेल. पुढची तपासणी पंधरवड्याने. तोवर थांबू का?

वाळपईची_सिस्टर
थांबू नको आणि ती गोळीही घेऊ नको. लेबर वॉर्डात आयुष्य गेलं माझं, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. २०१६ मध्ये डेन्मार्कचा मोठा अभ्यास आला होता. ७व्या ते २२व्या आठवड्यात ही पोटातली गोळी घेतलेल्या बायकांत गर्भपात जास्त दिसले. तुझे ते आठवडे उलटलेत, पण हाताशी चांगलं औषध असताना ही कशाला?

तू सांगतेस ते बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं वाटतं. गरोदरपणात हार्मोन्समुळे ते सहज वाढतं, तुझ्या स्वच्छतेचा दोष नाही. यावर सहसा क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी देतात, १०० मिलिग्रॅमची, रोज रात्री एक, ७ रात्री. सासूबाईंना सांग, ती रक्तात फारच थोडी जाते आणि बाळ पिशवीच्या आत, बंद तोंडापलीकडे असतं. दोन रात्रींत खाज थांबते आणि बायका औषध सोडतात. मग महिन्याने परत येतात, तोंड वाकडं करून.

पण आधी दाखव. जिथे नाव घातलंयस तिथे तारखेआधी गेलीस तर कोणी हाकलत नाही. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना सिस्टरला थांबायला सांग, तो तुझा हक्क आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट झाली नसेल तर तीही करून घे. साखर वाढली असेल तर हा त्रास पुन्हापुन्हा होतो.

मडगावची_रेश्मा
माझं वेगळं होतं. खाज नाहीच, पातळ करडं जायचं आणि माशाचा वास. आमच्याकडे रोज नुस्तें, त्यामुळे आधी मी स्वयंपाकघरालाच दोष देत बसले 😄 जंतूंचं इन्फेक्शन निघालं. मेट्रोनिडाझोल ५००, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तोंडाला लोखंडी चव यायची. मुलगी ठणठणीत आहे.

वाळपईची_सिस्टर
रेश्मा म्हणते तेच. पांढरं जाणं एक, कारणं तीन. म्हणून दुसरीची चिठ्ठी वापरू नये. तिसरं ट्रायकोमोनास, पिवळट-हिरवं, फेसाळ. त्यात नवऱ्यालाही औषध लागतं, नाहीतर पुन्हा त्याच्याकडूनच येतं. बुरशीत त्याला त्रास नसेल तर नको.

आणि लसूण, डेटॉल, सुवासिक वॉश यातलं काहीही आत घालू नका गे. बाहेरून साधं पाणी पुरे.

पाण्यासारखं भळाभळा गेलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा पोट कडक होऊ लागलं तर मात्र ओपीडीची वाट बघू नका. १०८ बोलवा.

डिचोलीची_सून
आज सकाळी आरोग्य केंद्रात गेले. बुरशीच आहे, तीच ७ रात्रींची गोळी दिली. सोबत प्लास्टिकची नळी आहे, ती वापरायची का? विचारायचं राहिलं.

वाळपईची_सिस्टर
नळी ठेव बाजूला. हात धुवून बोटाने जाईल तेवढी आत ठेव, झोपताना. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो. तो औषधाचा, घाबरून फोन करू नको. पॅड लाव, चादर वाचेल.