आखाजीची गाणी मॅस्टोडॉनवर न्यायची आहेत, पण बायकांना तिकडे कसं आणायचं?

गौराई_शिंदखेडा

नमस्कार. मी शिंदखेडा तालुक्यातली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आणि आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांचं एक पान मी २०१८ पासून एका मोठ्या साइटवर चालवत होते. माहेरच्या, सासरच्या, भावकीतल्या बायकांनी म्हटलेली दोनशेच्या वर गाणी होती. गेल्या दिवाळीत सकाळी फोन उघडला तर खातं बंद. 'नियमांचं उल्लंघन' एवढंच लिहिलेलं. कुठला नियम, कुठलं गाणं, काही पत्ता नाही. तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर आलं.

बरीच गाणी जुन्या फोनमध्ये सापडली. मोठ्या आत्याचं गौराईचं गाणं मात्र सापडलं नाही. लिंबाला झोका बांधलेला, पंचाहत्तरीची आत्या त्यावर बसून म्हणत होती. दर ओळीच्या शेवटी दोराची करकर ऐकू यायची. मधेच थांबून तिनं बकरीला हाकललं आणि सोडलेली ओळ बरोबर तिथूनच उचलली. आत्या २०२१ मध्ये गेली. तेवढा एकच आवाज होता तिचा आमच्याकडे.

भाच्यानं मॅस्टोडॉन दाखवलं, ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारं. कुणी एक मालक नाही, हे मला पटलं. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये साठेक बायका आहेत, दोन महिने सांगतेय, तिघींनी खातं काढलं. बाकीच्या 'सर्व्हर निवडा' दिसलं की फोन खाली ठेवतात. 'तिथं आपलं कोण आहे?' असं विचारतात. काय सांगू त्यांना? पुन्हा त्याच जागी सगळं नव्यानं मांडायला माझं मन तयार नाही.

तापीकाठ (भुसावळ, सध्या पुणे)

ताई, वाचून वाईट वाटलं. सर्व्हर म्हणजे काय ते मी माझ्या आईला एसटीच्या डेपोवरून सांगितलं होतं. शिरपूर डेपो वेगळा, अमळनेर डेपो वेगळा, पण रस्ता एकच आणि गाडी कुठल्याही गावाला जाते. मॅस्टोडॉनचे सर्व्हर तसेच. खातं एका ठिकाणी, बोलणं सगळ्यांशी. ज्या नियमावर हे चालतं त्याला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात. २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं त्याला मान्यता दिली. त्यामुळे फोटोंचं पिक्सेलफेड, व्हिडिओंचं पीअरट्यूब हेही त्याच रस्त्यावर धावतात.

बायकांना सर्व्हर निवडायला लावूच नका. तुम्ही एक चांगला बघा, त्याचे नियम वाचा, चालवणारा कोण आहे ते बघा आणि थेट त्याचीच लिंक द्या. 'इथं नाव टाक' एवढंच सांगा.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो, नंतर तुम्हाला धक्का नको. उद्या सर्व्हर बदलला तर तुमचे फॉलोअर नव्या खात्यावर आणता येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. सेटिंगमध्ये आपल्या पोस्ट आणि फायलींची पूर्ण प्रत मागायची सोय आहे, ती आठ-पंधरा दिवसांनी उतरवत जा. आणि तिथले खासगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतात. घरातली बोलणी तिथं नकोत.

धुळे_व्हिडिओवाला

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली तेव्हा माझे अहिराणी व्हिडिओ एका रात्रीत गेले. मग ट्विटरसारखं देशी ॲप कू आलं, तेही २०२४ मध्ये बंद झालं. त्याआधी ऑर्कुट २०१४ मध्येच गेलं होतं. म्हणून जागा आपली नसते हे मला पुरेपूर माहीत आहे.

पण २०१९ ची गोष्टही आठवा. वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्या देशातले बरेच लोक मॅस्टोडॉनवर गेले. मीही गेलो होतो. महिनाभरात माझ्या ओळखीतले सगळे परत आले, कारण तिथं बोलायला कुणी नव्हतं. माणूस तत्त्वासाठी जातो आणि माणसांसाठी परत येतो. माझं घर व्हिडिओवर चालतं, मी गर्दी सोडणार नाही. तुम्हीही जुनं सोडा असं बायकांना सांगू नका. त्या ऐकणार नाहीत आणि तुमच्यावरच रुसतील.

गौराई_शिंदखेडा

जिभाऊ, राग कशाचा. 'जुनं सोडा' हेच मी दोन महिने सांगत होते, आता लक्षात येतंय. पण माझ्या गाण्यांवर माझं घर चालत नाही, ती गेली की संपली. म्हणून माझं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर

ताई, मी रोज एक अहिराणी शब्द मॅस्टोडॉनवर टाकतो, तीन वर्षं झाली. वावर म्हणजे शेत, आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा, जो आठवेल तो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच मोजतात) बोलणारे अठरा लाखांवर नोंदले गेले, पण आमच्या शाळेत पोरगं अहिराणी बोललं की आम्हीच त्याला शुद्ध बोल म्हणायचो. ते मला आता सलतं, म्हणून हे करतो.

माझा अनुभव सांगतो. साठ बायकांना हलवू नका, गाणी हलवा. मॅस्टोडॉनवरची सार्वजनिक पोस्ट वाचायला खातं लागत नाही. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथंच गाणं वाजतं. आपल्या किती लेकी सुरतेला आहेत, उधन्याला, लिंबायतला! त्यांना लिंक पाठवा. खातं फक्त ज्या गातात त्यांचं काढा. माझ्याकडे आधी चार जण होते, आता रोज कुणीतरी शब्दावर भांडतं. साक्रीकडे असं म्हणतात, पारोळ्याकडे तसं म्हणतात. त्या भांडणासाठी लोक खातं काढतात.

आणि मूळ फायली एकाच जागी ठेवू नका. इंटरनेट अर्काइव्ह या फायली जपून ठेवणाऱ्या साइटवर एक प्रत टाका, फुकट आहे. एक पेन ड्राइव्हवर घरी ठेवा.

गौराई_शिंदखेडा

गुरुजी, अकरा दिवसांनी लिहितेय. चौघींची खाती मी स्वतः समोर बसून काढली. कानबाईचं एक गाणं टाकलं, लिंक ग्रुपमध्ये दिली, कुणालाही काही समजावलं नाही. उधन्याच्या एका मावशीनं रात्री आवाजाचा निरोप पाठवला. आमच्या गाण्यात रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, कडवं सुटलं होतं, ते तिनं म्हणून दिलं. मागे पॉवरलूमची खडखड ऐकू येतेय. मी म्हटलं, मावशी, हे तुमच्याच नावानं असू द्या. तिच्या नातवानं लगेच खातं काढून दिलं.

एक विचारायचं होतं. तो निरोप ऑग नावाच्या प्रकारच्या आवाजाच्या फाईलमध्ये आलाय. एमपी३ करून ठेवू की आहे तसाच?

तापीकाठ

आहे तसाच ठेवा, ताई. व्हॉट्सॲपनं तो आधीच दाबून बारीक केलेला असतो, एमपी३ केला की आणखी खराब होईल. सर्व्हरनं ऑग घेतली नाही तर तेवढ्यापुरती वेगळी एमपी३ काढा. आणि फाईलच्या नावात गाणारीचं नाव, गाव आणि तारीख आजच घाला.